राज्य कुणावर?

घरातली मुलगी इंजिनीअरिंगला, डिप्लोमाला नाहीतर बीसीएला असली की काही शब्द आपल्याला अर्थ न कळताही पाठ होतात. सबमिशन, जर्नल, ओरल, बॅकलॉग. त्यातच एक दिवस 'डीएस' येतो. 'आई, सगळे विषय निघाले, फक्त डीएस राहिला.' हा डीएस म्हणजे 'डेटा स्ट्रक्चर्स'. म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात माहिती कशी मांडून ठेवायची याचं शास्त्र. डिप्लोमाच्या कॉम्प्युटर शाखेला तिसऱ्या सेमिस्टरला सी भाषेतून डेटा स्ट्रक्चर शिकायचा पेपर असतो, इंजिनीअरिंगला साधारण दुसऱ्या वर्षी हाच विषय समोर येतो. आणि पुढे नोकरीच्या मुलाखतीत पहिला प्रश्न बहुधा यातलाच असतो.

मैत्रिणींनो, नाव ऐकून पान उलटू नका. आज मी तुम्हाला या विषयातला एक खेळ सांगणार आहे. तो तुम्ही लहानपणी शंभरदा खेळलेल्या आहात, फक्त त्याला डीएस म्हणतात हे कुणी सांगितलं नव्हतं.

वारज्यातली माझी शिकवणी

मी वारज्यात राहते. हायवेचा पूल ओलांडला की आमची सोसायटी. पलीकडच्या कर्वेनगरात महर्षी कर्व्यांची संस्था आहे. 1896 साली सुरू झालेला आश्रम 1900 मध्ये तिथे, म्हणजे तेव्हाच्या हिंगण्याच्या माळावर आला. अण्णा कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे, हे आपण विसरून जातो. त्यांच्याच संस्थेनं 1991 साली खास मुलींसाठी कमिन्स इंजिनीअरिंग कॉलेज काढलं. विधवा मुलींना लिहा-वाचायला शिकवण्यासाठी जी झोपडी उभी राहिली, तिच्या आसपास आज मुली कॉम्प्युटरच्या पदव्या घेताहेत. त्यामुळे या सगळ्या भागात, कर्वेनगर, वारजे, माळवाडीत, बाहेरगावच्या मुलींची हॉस्टेलं आणि कॉट बेसिसच्या खोल्या भरपूर. त्या वेगवेगळ्या कॉलेजांत शिकतात. त्यातल्या काही संध्याकाळी माझ्याकडे सी आणि डीएस शिकायला येतात.

या मुली हुशार असतात. दहावीला नव्वद टक्क्यांच्या वर. पण बऱ्याच जणी मराठी माध्यमातल्या, तालुक्याच्या गावच्या. घरी कॉम्प्युटर नव्हता, तो पहिल्यांदा हाताळला तो कॉलेजच्या लॅबमध्ये. मग अभ्यासाची जी एकच पद्धत माहीत, तीच इथे वापरतात. प्रोग्राम पाठ करायचा. चाळीस ओळी, स्वल्पविराम-अर्धविरामासकट. पहिल्या वर्षी ते खपून जातं. डीएसला खपत नाही.

दोन वर्षांपूर्वी सोलापूरकडची एक मुलगी आली. तिचा डीएस दोनदा राहिला होता. वडील नाहीत, आई गावात पिठाची गिरणी चालवते. मामांनी सांगितलं होतं, 'या वेळी निघाला तर ठीक, नाहीतर परत ये, एक स्थळ आहे.' स्थळ वाईट होतं असंही नाही, पण मुलीला शिकायचं होतं. ती वही घेऊन आली. वहीत 'लिंक्ड लिस्ट'चे बारा प्रोग्राम, सुरेख अक्षरात. मी विचारलं, 'यात ही जी बाणाची खूण आहे, ती काय करते?' ती गप्प. मग हळूच म्हणाली, 'मॅडम, ते असंच असतं.'

'असंच असतं' हे उत्तर मी इतक्या जणींकडून ऐकलंय! दोष मुलींचा नसतो. जी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही, ती नुसत्या फळ्यावरून कशी कळणार? म्हणून मी वही मिटायला लावते आणि सगळ्यांना गच्चीवर नेते.

गच्चीवरचा खेळ

आठ जणींना गोल उभं करायचं. तोंड सगळ्यांचं एकाच दिशेला, फेर धरल्यासारखं. प्रत्येकीनं उजवा हात पुढच्या मुलीच्या खांद्यावर ठेवायचा आणि डोळे मिटायचे. झाली लिस्ट.

आता बघा. कॉम्प्युटरच्या मेमरीत लाखो घरं असतात, प्रत्येक घराला नंबर. आपली माहिती त्यात कुठेही विखरून पडलेली असू शकते. मग एकीनंतर दुसरी कोण, हे कसं कळायचं? प्रत्येक घरात माहितीबरोबरच पुढच्या घराचा नंबर लिहून ठेवायचा. या नंबर धरून ठेवणाऱ्या गोष्टीला सी भाषेत 'पॉइंटर' म्हणतात. पॉइंटर म्हणजे नुसतं दाखवणारं बोट. आमच्या गच्चीवर खांद्यावरचा हात म्हणजे पॉइंटर. डोळे का मिटायचे? कारण कॉम्प्युटरला आजूबाजूचं काही दिसत नाही. हात जिथे आहे तेवढंच त्याला माहीत.

आता नववी मुलगी आली. तिला तिसरी आणि चौथीच्या मध्ये उभं राहायचंय. सोपं वाटतं ना? तिसरीनं चौथीच्या खांद्यावरचा हात काढला आणि नवीच्या खांद्यावर ठेवला. पण आता चौथी कुठे आहे? नवीनं डोळे मिटलेले, तिला चौथी माहीत नाही. तिसरीचा हात सुटलेला. पुढच्या मुली जागेवर आहेत, पण त्यांच्यापर्यंत जायचा रस्ताच हरवला. परीक्षेत नेमकं हेच होतं. दोन ओळींचा क्रम उलटा पडला की अख्खी लिस्ट गायब.

बरोबर क्रम असा. आधी नवीनं तिसरीच्या हाताचा माग काढत चौथीच्या खांद्यावर हात ठेवायचा. मग तिसरीनं आपला हात काढून नवीच्या खांद्यावर ठेवायचा. नवं धरल्याशिवाय जुनं सोडायचं नाही. हे एकदा अंगानं केलं की पाठ करावं लागत नाही.

मग सुरू होतो खरा खेळ. लहानपणी लपाछपी खेळताना आपण गोल करून, एकेकीवर बोट ठेवून मोजत जायचो. शेवटचा आकडा जिच्यावर, ती सुटली. करता करता एकच उरली की तिच्यावर राज्य. आम्ही तेच खेळतो. पहिलीपासून मोजायचं, 'एक, दोन'. दोन म्हणेल ती बाहेर. पुन्हा पुढचीपासून, 'एक, दोन'. बाहेर जाणारीनं नुसतं निघून जायचं नाही. आपला हात जिच्या खांद्यावर आहे, तिथे मागच्या मुलीचा हात नेऊन ठेवायचा आणि मग टाकीजवळ जाऊन बसायचं. आधीच निघून गेली तर साखळी तुटली. सीमध्ये जागा मागून घेतात तिला 'मॅलॉक' म्हणतात, परत करतात तिला 'फ्री'. फ्री करण्याआधी पुढचा पत्ता मागच्याला दिला पाहिजे, एवढंच त्यातलं मर्म.

आणि सुटलेल्या मुली टाकीजवळ न जाता तिथेच घुटमळत राहिल्या तर? खेळात त्या नाहीत, पण जागा अडवून बसल्यात. थोड्या वेळानं गच्चीवर पाय ठेवायला जागा नाही. कॉम्प्युटरमध्ये याला 'मेमरी लीक' म्हणतात. मोबाइलवरचं एखादं ॲप तासनतास चालू ठेवलं की फोन जडावतो, त्यामागे कधी कधी हेच कारण असतं.

शेवटी दोघी उरतात, मग एक. दुसरी जाताना पहिलीचा हात धरून कुठे ठेवणार? पुढे दुसरं कुणी नाहीच. तो हात तिला स्वतःच्याच खांद्यावर ठेवावा लागतो. आणि हीच खेळ थांबवायची खूण. जिचा पॉइंटर स्वतःकडेच वळला, तिच्यावर राज्य. पुस्तकात या अटीची एक ओळ असते, ती मुलींना कधी लक्षात राहत नाही. गच्चीवर स्वतःच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिलेली मैत्रीण मात्र कुणी विसरत नाही!

दोन हजार वर्षं जुना प्रश्न

या खेळाला जगभर 'जोसेफसचा प्रश्न' म्हणतात. जोसेफस हा पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार. इसवी सन 67 मध्ये रोमन सैन्यानं त्यांचं गाव जिंकलं, तेव्हा तो आणि त्याचे साथीदार एका गुहेत लपले होते. शरण जाण्यापेक्षा मरण बरं असं साथीदारांनी ठरवलं आणि क्रमानं एकमेकांना मारलं. शेवटी जोसेफस आणि आणखी एक जण एवढे दोघेच उरले आणि ते शरण गेले. पुढे गणितज्ञांनी त्याचं कोडं केलं. एक्केचाळीस माणसं गोल उभी, दर तिसरा बाद, तर शेवटचे दोघे कुठे उभे असतील? उत्तर आहे सोळाव्या आणि एकतिसाव्या जागेवर. आपल्याकडे मात्र मरणबिरण नाही, फक्त राज्य येतं. मला आपलंच रूप जास्त आवडतं.

तीनचार डाव झाले की मुलींच्या डोक्यात चक्र फिरू लागतं. 'मॅडम, दर दुसरीला बाद केलं तर सम नंबरवर कधीच राज्य येत नाही!' खरंच आहे. पहिल्याच फेरीत सगळे सम नंबर सुटतात. मग दुसरी म्हणते, 'आठ जणी असल्या की पहिलीवरच येतं, चार असल्या तरी पहिलीवरच.' सोळा असल्या तरीही. याची एक सोपी रीतच आहे. दोन, चार, आठ, सोळा अशा दुपटीच्या आकड्यांमधला, मुलींच्या संख्येत बसणारा सगळ्यात मोठा आकडा वजा करा. उरेल त्याची दुप्पट करा, एक मिळवा. बारा मुली असतील तर बारातून आठ गेले, उरले चार, दुप्पट आठ, अधिक एक, नऊ. नवव्या मुलीवर राज्य. आता सांगा, हे कळल्यावर कुठली मुलगी खेळताना चुकीच्या जागी उभी राहील?

गच्चीवरून खाली आलो की मी सांगते, आता हेच सीमध्ये लिहा. मुलीसाठी एक 'स्ट्रक्चर', त्यात तिचा नंबर आणि 'पुढची'कडे दाखवणारा पॉइंटर. शेवटचीचा हात पहिलीकडे. मग मोजा, जोडा, मोकळं करा. त्या दिवशी सोलापूरच्या मुलीनं वही न उघडता प्रोग्राम लिहिला. तीन ठिकाणी अडली. प्रत्येक वेळी उठून उभी राहिली, शेजारणीच्या खांद्यावर हात ठेवून बघितला आणि पुन्हा बसून लिहू लागली. पंचवीस ओळीच होत्या, पण तिच्या स्वतःच्या.

गिरणीतलं शास्त्र

तिच्या आईचा रविवारी फोन यायचा. मी बोलले तेव्हा त्यांनी जरा संकोचानंच विचारलं, 'ताई, हिला जमंल का? नसंल जमत तर सांगा. उगं पोरीचं वर्ष जायला नको.' मी म्हटलं, 'तुम्हीच तिला शिकवा.' त्या हसल्या. मला वाटलं, थट्टाच वाटली असणार. मग मी विचारलं, गिरणीवर डबे आले की तुम्ही काय करता?

त्यांनी सांगितलं ते ऐका. बायका डबा रांगेत ठेवून घरी जातात. जो डबा आधी आला तो आधी दळायचा. मध्ये कुणी डबा घुसवला तर भांडण. पण ज्वारी आणि गहू एकत्र होऊ नयेत म्हणून आधी ज्वारीचे सगळे डबे काढायचे, मग गव्हाचे. ज्वारीत पुन्हा जो आधी आला तो आधी.

मैत्रिणींनो, पहिल्या भागाला म्हणतात 'क्यू', म्हणजे रांग. जो आधी तो आधी. आणि दुसऱ्या भागाला म्हणतात 'प्रायॉरिटी क्यू', म्हणजे मानाप्रमाणे रांग. परीक्षेत यावर हमखास प्रश्न असतो. ती बाई वीस वर्षं रोज हे करत होती. मी हे सांगितल्यावर पलीकडून थोडा वेळ आवाजच आला नाही. मग म्हणाल्या, 'म्हंजे माझ्या गिरणीवरचंच शिकती का ती?' त्यानंतर दर रविवारी मुलगी आईला त्या आठवड्याचा धडा फोनवर समजावून सांगू लागली. आईला कळलं तर आपल्याला कळलं, अशी तिची परीक्षा. मला विचाराल तर कुठल्याही गाईडपेक्षा ती आई जास्त उपयोगी पडली.

तुमच्या स्वयंपाकघरातही हेच सगळं आहे. मिसळणाचा डबा बघा. सात वाट्या, प्रत्येकीची जागा ठरलेली. मोहरी कुठे, हळद कुठे, हे अंधारातही हाताला कळतं. पण आठवा मसाला ठेवायचा म्हटला तर जागा नाही. हा झाला 'ॲरे'. पोळ्यांची चवड बघा. शेवटची लाटलेली सगळ्यात वर, वाढताना तीच आधी उचलायची. मधली ओढायला गेलात तर चवड कोसळते. हा 'स्टॅक'. मोबाइलवर एकामागून एक पानं उघडत गेलो आणि मागे यायचं बटण दाबलं की शेवटचं पान आधी बंद होतं, ते या चवडीमुळेच. वाढदिवसाला मुलांसाठी खजिन्याचा शोध ठेवतो, त्यात प्रत्येक चिठ्ठीवर पुढच्या चिठ्ठीची जागा लिहिलेली असते. ती लिंक्ड लिस्ट. मधली एक चिठ्ठी वाऱ्यानं उडाली की खजिना हरवला.

सीच कशाला, आणि मुळात शिकायचंच कशाला?

मुली विचारतात, 'मॅडम, आता पायथन आहे, सोप्या भाषा आहेत. सी तर आजीच्या काळातली.' सी जुनी आहे हे खरं. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी ती 1972 च्या सुमाराला तयार केली. ब्रायन कर्निगन यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेलं तिच्यावरचं पुस्तक 1978 चं. आपल्याकडे नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या 'लेट अस सी'नं कित्येक पिढ्यांना हात धरून ही भाषा शिकवली. पण जुनी म्हणून ती निवृत्त झालेली नाही. लिनक्सचा गाभा मुख्यतः सीमध्ये आहे आणि अँड्रॉइड फोन त्याच गाभ्यावर चालतात. सोप्या भाषा पॉइंटर झाकून ठेवतात. सी ते आपल्या हातात देते. मिक्सरवर वाटण होतं, पण पाट्यावर एकदा वाटलं की वाटण कुठे थांबवायचं ते कळतं, तसंच हे.

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. 'आता एआयला सांगितलं की दोन मिनिटांत सगळा प्रोग्राम लिहून देतं. मग आम्ही का शिकायचं?' या प्रश्नाला मी हसून टाळत नाही, कारण त्यामागे खरी भीती आहे. घरच्यांनी कर्ज काढून शिकवलंय आणि उद्या हे काम मशीननंच केलं तर? मी एवढंच सांगते की मशीननं दिलेला प्रोग्राम दिसायला नेहमी नीटनेटका असतो. त्यात जागा आधी मोकळी केली आणि पत्ता नंतर विचारला, अशी गफलत असली तर ती पकडणार कोण? जिनं साखळी तुटलेली डोळ्यांनी बघितलीय तीच. आणि मुलाखतीत समोरचा माणूस कागद पुढे सरकवतो आणि म्हणतो, 'ही लिस्ट उलटी करून दाखवा.' तिथे मशीन नसतं.

लिस्ट उलटी करणंही आम्ही गच्चीवर खेळतो. रांगेतल्या प्रत्येकीनं मागे वळून, मागचीच्या खांद्यावर हात ठेवायचा. पण पुढचीवरचा हात काढण्याआधी ती कोण हे कुणीतरी लक्षात ठेवायला हवं. मागची, मी आणि पुढची, अशा तिघींचं भान एका वेळी ठेवावं लागतं. बायकांना हे शिकवावं लागत नाही, असं मी गमतीनं म्हणते. मागे सासूबाई, पुढे मुलं आणि मध्ये आपण!

सोलापूरच्या त्या मुलीचा डीएस त्या खेपेला निघाला. फार मार्क पडले नाहीत, बावन्न. पण निघाला. मामांनी स्थळाचा विषय काढला तेव्हा आईनंच सांगितलं, 'शिकू द्या तिला. मला कळतंय ती काय शिकती ते.' आज ती शेवटच्या वर्षाला आहे. नोकरी लागेल की नाही, आजच्या दिवसांत कुणी छातीठोक सांगू नये. पण 'असंच असतं' हे शब्द तिच्या तोंडून मी नंतर ऐकले नाहीत.

घरी करून बघा

एका ताटात सात चिंचोके गोल मांडा. खडूनं एक ते सात नंबर घाला. एकपासून मोजत दर तिसरा उचला. तीन, सहा, दोन, सात, पाच, एक या क्रमानं ते जातील आणि चार नंबर उरेल. आता दर तिसरा न उचलता दर चौथा उचलून बघा, कोण उरतं ते. मग सुट्टीला आलेल्या लेकीला किंवा भाचीला ताटासमोर बसवा आणि विचारा, 'हे तुझ्या सीमध्ये कसं लिहायचं ग?'

तिला येत असेल तर ती आनंदानं सांगेल. येत नसेल तर गप्प बसेल. त्या गप्प बसण्यावर रागावू नका. 'पाठ कर' असंही म्हणू नका. तिचा हात धरा, तुमच्या खांद्यावर ठेवा आणि म्हणा, 'चल, मी पुढची. आता सांग, आपल्या मध्ये तिसरी कशी यायची?'